स्लॅबची वरची बाजू

आमच्या घराच्या स्लॅबला दोन बाजू होत्या आणि दोन्हींचे मालक वेगळे होते. खालची, म्हणजे जिला पंखा लटकतो ती, आमची. वरची, जिच्यावर ऊन पडतं ती, माझ्या धाकट्या दिराची. मी थट्टा करत नाही, आमच्याकडे अशाच वाटण्या होतात. सासरे गेले तेव्हा त्यांनी गेवराईच्या कडेला बांधलेलं हे घर होतं आणि दोन भाऊ होते. चार माणसं बसवून थोरल्यानं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, ठरवलं की बांधलेलं खालचं थोरल्यानं वापरावं आणि वर धाकट्यानं मजला चढवावा. धाकटा तेव्हा पुण्याकडे एका कंपनीत नुकताच लागला होता. वरचा मजला त्याला कधी लागणार होता हे देवालाच ठाऊक. पण गच्ची त्याची. कॉलमच्या सळया पुढच्या मजल्यासाठी वर उभ्या सोडलेल्या होत्याच. आमच्या भागात प्रत्येक घरावर त्या तशा उभ्या असतात आणि गंजू नयेत म्हणून लोक त्यांच्यावर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या उलट्या घालून ठेवतात. आमच्या गल्लीतलं एकही घर पुरं झालेलं नाही. सगळी वरच्या मजल्याची वाट बघत बसलेली.

इतकी वर्षं मला ते कधी खुपलं नाही. गच्चीवर माझ्या कुरडया वाळायच्या, शेजारणीच्या मिरच्या वाळायच्या, तिथं कोण मालक विचारतो? खुपायला लागलं ते यांची मान मोडल्यावर.

यांचं मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीवरची मोटार जळाली की तिच्यात नवी तार गुंडाळून द्यायची, हे यांचं काम. पण गावोगाव यांना ओळखायचे ते दुसऱ्याच कामासाठी. भावाभावांचं फाटलं, वाटणी करायची ठरली, की चार माणसांत यांना हटकून बोलावणं. कारण हा माणूस कुणाच्या बाजूनं बोलत नाही आणि एकदा बोलला की बदलत नाही. पार चकलांब्यापासून चौसाळ्यापर्यंत कुणाकुणाच्या शेतातला बांध यांच्या शब्दावर पडलाय, ते मी कधी मोजलं नाही. "दिलं ते दिलं. थुंकलेलं चाटायचं न्हाई," हे यांचं वाक्य मी लग्नापासून ऐकत आले. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा. चौसाळ्याकडची अशीच एक वाटणी उरकून मोटारसायकलवर परत येताना हायवेवर म्हैस आडवी आली. म्हैस वाचली.

मानेखाली यांना काही कळत नाही. खांद्यापासून हात थोडे हलतात, बाकी सगळं दुसऱ्यानं करायचं. त्याची मला सवय झाली. कूस बदलणं, पाठ पुसणं, लघवीची नळी बघणं, सकाळी मी शिकवायला शाळेत जायच्या आधी हे सगळं आटपणं, मी गेल्यावर शेजारच्या आत्यांना बसवून जाणं, सगळं अंगवळणी पडलं. सवय झाली नाही ती एकाच गोष्टीची आणि ती डॉक्टरांनी घरी सोडताना अगदी जाता जाता सांगितली.

"बाई, यांना आता घाम येणार नाही. बाहेर जेवढं तापेल तेवढं यांचं अंग तापत जाईल. उन्हाळ्यात थंड जागी ठेवा."

थंड जागी! जसं काही आम्ही महाबळेश्वरला राहतो. मी "हो" म्हणाले आणि घरी घेऊन आले. आमच्याकडच्या चैत्र-वैशाखात धडधाकट माणूस दुपारी दाराबाहेर तोंड काढत नाही, तिथं याचा अर्थ काय होतो हे मला पहिल्या उन्हाळ्यात कळलं. दुपारी स्लॅब तापायचा आणि संध्याकाळी बाहेर वारा सुटला तरी आमच्या खोलीत तो आग ओकत राहायचा. कूलरला पाणी लागतं आणि नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं. एसी लावून पाहिला, तर दुपारी गल्लीतलं व्होल्टेज इतकं पडायचं की तो नुसता गुरगुरायचा. मग वीजच जायची. वैशाखात एके दिवशी शाळेतून आले तर यांचं अंग तव्यासारखं. थर्मामीटर एकशे चारच्या पुढे. मी हाका मारल्या तर डोळे उघडे, पण नजर माझ्यावर नाही. दवाखान्यात बर्फाच्या पिशव्या लावून त्यांनी यांना परत आणलं. डॉक्टर म्हणाले, "पुन्हा एवढं तापू देऊ नका. दर वेळी परत आणता येईल असं नाही."

म्हणजे पुढचा उन्हाळा यायच्या आत घर थंड करायचं, नाहीतर नवरा जायचा. इतकं साधं होतं ते. मी हे कुणाला सांगितलं की लोक सल्ले द्यायचे. कुणी म्हणे कडुलिंबाखाली बाज टाका. दुपारी लिंबाखाली काय झळा लागतात हे त्यांना माहीत नव्हतं का? कुणी म्हणे उन्हाळाभर दवाखान्यात ठेवा. दवाखाना काय मामाचं गाव आहे, सुट्टीत जाऊन राहायला? कुणी म्हणे भाड्यानं दुसरं घर बघा. दुसरं घर कुठलं? सगळ्यांच्या डोक्यावर तोच स्लॅब.

माझ्या मावसबहिणीची मुलगी लातूरला आर्किटेक्ट आहे. तिला दिवाळीत बोलावून घेतलं. तिनं घर आतून-बाहेरून पाहिलं, भिंतींना हात लावले, पश्चिमेच्या भिंतीशी दुपारी बराच वेळ उभी राहिली, मग गच्चीवर गेली. खाली येऊन माझ्या वहीच्या पानावर तिनं घर काढून दाखवलं. मी इतकी वर्षं ज्या घरात राहिले ते मला पहिल्यांदाच कळत होतं. पश्चिमेला जुन्या भिंतीबाहेर थोडी पोकळी सोडून दुसरी भिंत घालायची. खिडक्यांवर छज्जे. वरच्या अंगाला झरोके, म्हणजे तापलेली हवा बाहेर पडेल. आणि गच्चीवर तीन कामं: आधी स्लॅबवर उष्णता अडवणारा थर, त्याच्यावर पांढऱ्या फरशीचे तुकडे, आणि सगळ्याच्या वर उंच लोखंडी घोड्यावर सोलरची पॅनेलं. त्यांची सावली स्लॅबवर आणि त्यांची वीज खाली बॅटरीत. गल्लीतली वीज गेली तरी आमचा कूलर चालू.

"यातलं सगळ्यात महत्त्वाचं कुठलं?" मी विचारलं.

"गच्ची. घर वरून तापतं, मावशी. गच्ची नाही केलीस तर बाकीचं सगळं नटवणं आहे. आणि त्या सळया बुडातून कापाव्या लागतील. एक तर पॅनेलच्या आड येतात, दुसरं म्हणजे त्यांच्या बुडातून पाणी स्लॅबमध्ये उतरतंय. वरचा थर टिकणार नाही."

गच्ची आमची नाही, हे तिला कसं सांगायचं? सांगितलं तेव्हा ती हसली. तिला वाटलं मी चेष्टा करतेय.

दिराला फोन केला. माणूस वाईट नाही, आधीच सांगते. यांचा अपघात झाला तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात आठवडाभर फरशीवर झोपला होता.

"भाऊजी, गच्चीवर थोडं काम करायचंय."

"कसलं काम, वहिनी?"

मी सगळं सांगितलं. तो ऐकत होता. सळयांपाशी आले तसं त्यानं मला थांबवलं.

"सळया कापायच्या? मंग वर मजला कसा चढायचा?"

माझी जीभ कधी कधी माझं ऐकत नाही. "चढवायचाय का तुम्हाला?" मी म्हणाले.

तो म्हणाला, "चढवीन न्हाईतर ऱ्हाईल, वहिनी. पर माझं गावात दुसरं हाय तरी काय? तेवढ्या सळया हायत. इथं कुनी इचारलं तर मी म्हनतो, आमचं गेवराईला घर हाय, वरचा मजला माझा." पुढे म्हणाला, "आन तुमी कावून बोलताय? दादाला बोलू द्या की. वाटनी त्यानं केली. त्यानं एका शब्दानं मागितलं तर मी काय न्हाई म्हननार हाय का?"

मला हायसं वाटलं. एवढंच ना? मी तशीच आत गेले आणि यांना सांगितलं, तुम्ही नुसता एक फोन करा, मी कानाला लावते.

"न्हाई," हे म्हणाले.

"का नाही?"

"मी मागितलं तर त्यो न्हाई म्हननार न्हाई. म्हनून तर मागायचं न्हाई."

मला आधी समजलंच नाही. मग त्यांनी समजावलं, अगदी चार माणसांत बसून समजावतात तसं, शांतपणे. आडवा पडलेला थोरला भाऊ मागतोय म्हटल्यावर धाकटा नाही कसा म्हणेल? ज्याला नाही म्हणताच येत नाही त्याच्याकडून घेणं हे मागणं नव्हे, वरबाडणं. आयुष्यभर लोकांना हेच सांगितलं. असल्या किती थोरल्यांना भरल्या बैठकीत गप्प केलं. आता स्वतःवर आलं म्हणून फिरवायचं?

"आणि उन्हाळ्यात तुम्ही मेला म्हणजे?"

"मेलो तर मेलो. त्याचं त्याच्याकडं तर ऱ्हाईल."

मी हातातली खिचडीची वाटी टेबलावर आपटली. अर्धी खिचडी सांडली. काय हा माणूस! सगळ्या मुलखाला याचं कौतुक, आणि त्या कौतुकाची झळ कुणाला, तर मला. मी बाहेर जाऊन ओट्यावर बसले. मग आत येऊन उरलेली खिचडी भरवली, कारण दुसरं कोण भरवणार होतं?

त्यानंतर पूर्ण थंडी मी या दोघांच्या मधे फिरत राहिले. एकाला फोन करायची, दुसऱ्याच्या उशाशी बसायची. धाकटा म्हणायचा, दादानं मागावं. थोरला म्हणायचा, त्यानं आपणहून दिलं तर घेऊ. मी म्हणायची, अहो पण दोघांच्याही मनात तेच आहे ना? असेल, पण तसं नसतं ते. आमच्याकडे थोरल्यानं हात पसरायचा नसतो आणि धाकट्यानं न मागता पुढे पुढे करायचं नसतं, त्यानं थोरल्याला मिंधं केल्यासारखं होतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते आणि दिवस मोठे व्हायला लागले होते.

मी खालचं काम सुरू केलं. मिस्त्री ओळखीचा, यांच्या दुकानात बसणाऱ्यातला, पण हाताखाली माणसं कुठं होती? दसरा झाला की आमच्याकडची माणसं ऊस तोडायला जातात, गावं रिकामी होतात. मिस्त्री आणि त्याचा मेव्हणा असे दोघंच काम करायचे. मी शाळेतून आले की साडी खोचून विटा द्यायची. पश्चिमेची दुसरी भिंत उभी राहायला संक्रांत उलटली. छज्जे झाले, झरोके काढून झाले. मी मिस्त्रीला रोज विचारायची, "आता फरक पडेल ना?" तो म्हणायचा, "पडल की बाई, पर वरचं कवा करायचं?" मी विषय बदलायची. एकदा त्याला म्हटलं, तू कापून टाक सळया, मी बघते पुढचं. त्यानं हातातली गिलाव्याची करणी खाली ठेवली. "वरचा मालक येऊ द्या बाई. ह्यांनी आमच्या भावाभावांची वाटनी केलीय. ह्यांच्याच घरात मी असलं काम करू?"

तेव्हा मला ती अक्कल सुचली. वरची बाजू दिराची असली तर असू दे, खालची तर माझी आहे ना? मग मी स्लॅब खालूनच झाकते. शहरातल्या दुकानांत असतं तसं थर्माकोल आणि पीओपीचं खोटं छत करायचं. मावसबहिणीच्या मुलीला फोनवर सांगितलं तर ती कळवळली. "मावशी, टोपी डोक्यावर घालतात गं. उन्हात डोक्याखाली उशी घेऊन काय होणार? आणि करणारच असशील तर झरोके बुजवू नकोस." पण छत करणारा म्हणाला, झरोके आड येतात, त्यांच्या खालूनच छत घ्यावं लागेल. मी म्हटलं घे. मला काहीतरी करायचं होतं. हातावर हात ठेवून होळीची वाट बघणं मला जमत नव्हतं.

छत झालं तेव्हा फाल्गुन होता. खोली कशी छान दिसायला लागली! पांढरी, गुळगुळीत, कडेला नक्षी. शेजारच्या आत्या बघायला आल्या. "लई भारी दिसतंय बाई, हाटेलावानी," म्हणाल्या. माझ्या मनात आलं, झालं, जिंकले मी. दोघांच्या नाकावर टिच्चून जिंकले.

चैत्र लागला आणि खोलीचा पेटारा झाला. वर स्लॅब तापायचा आणि त्याची ऊब हळूहळू खाली झिरपायचीच. खोलीतली तापलेली हवा वर जाऊन त्या नक्षीदार छताखाली अडकायची. तिला बाहेर पडायला मी काढून घेतलेले झरोके मीच बुजवले होते. छत खाली आल्यामुळे पंखाही खाली आला होता आणि तीच गरम हवा तो यांच्या तोंडावर मारत होता. संध्याकाळी बाहेर अंगणात बरं वाटायचं तेव्हा यांचं अंग शंभरच्या वर. सकाळची शाळा सुरू झाली होती म्हणून निदान दुपारी मी घरी असायची. ओली चादर टाकावी तर पाठीची कातडी भिजून जखमा होतात. न टाकावी तर ताप. दर तासाला मी यातलं एक निवडायची, आणि काहीही निवडलं तरी चुकीचंच असायचं.

एका दुपारी थर्मामीटर एकशे दोन दाखवायला लागलं तेव्हा मी मिस्त्रीला बोलावलं. आम्ही यांना पलंगासकट बोळीत ओढलं. मी बांबू घेऊन त्या छताला भिडले. थर्माकोलचे तुकडे, पीओपीचा चुरा, नाकातोंडात पांढरी धूळ. मिस्त्री म्हणत होता, "बाई सरका, मी पाडतो." मी ऐकत नव्हते. मी रडत होते आणि तोडत होते. बोळीतून हे म्हणाले, "अगं, कावून तरास करून घेतीस?" तेव्हा मी बांबू टाकून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि ओरडले, "तुमच्यासाठी! दुसऱ्या कुणासाठी?" मिस्त्री बाहेर गेला. हे माझ्याकडे बघत राहिले, पण फोन कर असं काही म्हणाले नाहीत.

त्याच आठवड्यात गल्लीला वीज देणारा डीपी जळाला. आमच्याकडे डीपी जळणं म्हणजे लग्नघरात कुणी दगावण्यासारखं. सगळं थांबतं आणि कुणालाच काही विचारता येत नाही. नवा कधी येईल, तर येईल. इन्व्हर्टर दुपारपर्यंत पुरायचा, मग त्याचीही शिट्टी वाजून तो गप्प. पंखा बंद. मी बाजारात फळवाल्या चाचांकडे गेले. त्यांनी टरबुजांसाठी ठेवलेली बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून माझ्या स्कूटीवर बांधून दिली. "भाईसाबको बोलो, चाचा याद करते," म्हणाले. घरी येईपर्यंत तिचं निम्मं पाणी झालं होतं. उरलेला बर्फ पंच्यात घालून मी यांच्या काखेत, मानेशी, कपाळावर धरत होते. थर्मामीटर एकशे तीन. ओठ कोरडे. हे बडबडायला लागले होते, कुठल्या तरी बांधाबद्दल, कुणाच्या तरी विहिरीतल्या निम्म्या हिश्श्याबद्दल. कुणाला तरी समजावत होते की भावाच्या वाट्याला हात लावू नये.

ते ऐकलं आणि मी उठले. आत्यांना बर्फ धरायला सांगितला, फोन घेतला आणि गच्चीवर गेले. वीज गेली की रेंज तिथंच येते. चपला असूनही तळवे पोळत होते. दिराच्या सळयांना टेकायला गेले तर त्याही तापलेल्या, हात झटकला आणि फोन लावला.

"भाऊजी, हे गच्ची मागताहेत."

कंपनीतल्या यंत्रांचा आवाज येत होता. तो बाजूला जाऊन म्हणाला, "दादा? दादा स्वतः म्हनला?"

"हो."

"काय म्हनला? नेमकं काय म्हनला, वहिनी?"

याची मी तयारी केलेली नव्हती. पण इतकी वर्षं संसार केलाय, त्या माणसाच्या तोंडचं वाक्य मला नाही येणार तर कुणाला? "म्हणाले, धाकट्याला म्हनावं, गच्ची दे. तुज्याबिगर कुनाला मागू?"

मग तो म्हणाला, तेव्हा त्याचा आवाज बदललेला होता. "मी येतो. सळया मीच कापनार. दुसऱ्या कुनाचा हात लागू देऊ नका."

मी खाली आले. बर्फ संपेस्तोवर ताप थोडा उतरला होता. हे भानावर आले होते. तोंड पुसत पुसत मी म्हणाले, "भाऊजींचा फोन होता. आपणहून म्हणाले, गच्ची घ्या, मी येतोय."

"आपनहून?"

"आपणहून."

यांनी मान भिंतीकडे वळवली. "लई मोठा झाला धाकटा," म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी पुसलं, आणि मला लाज बिलकूल वाटली नाही. भीती मात्र वाटली, कारण दोघं एका खोलीत आले की माझी दोन्ही खोटी समोरासमोर बसणार होती. एकाला अडवून ठेवावं तरी कुठं?

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटा आला. एसटीनं आला होता, कपडे घामानं ओले, खांद्यावरच्या पिशवीत लोखंड कापायची करवत. चप्पल काढून तो सरळ यांच्या खोलीत गेला. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागोमाग गेले, पण उंबऱ्याच्या आत पाय टाकवेना. त्यानं यांच्या पायांना हात लावला, ज्या पायांना काही कळत नाही त्या पायांना. मग खुर्ची न घेता पलंगाशी खाली फरशीवर बसला. खोलीत जीव गुदमरत होता. छत पाडल्यानंतरचे थर्माकोलचे कण अजून कोपऱ्यांत होते. त्यानं वर बघितलं, मग यांच्याकडे.

"दादा," तो म्हणाला, "तू मागितलंस, लई बरं वाटलं बघ. मला वाटायचं, तू मला परका धरलास. वाटनी झाली तवापासनं तू माज्याकडं कंदी कायच मागितलं न्हाईस."

यांनी मान वळवून दाराकडे बघितलं, माझ्याकडे. मी तांब्या घट्ट धरला. या माणसानं उभ्या आयुष्यात दुसऱ्याच्या भल्यासाठीसुद्धा खोटं बोलल्याचं मला आठवत नाही. दुकानात मोटार एक दिवस उशिरा होणार असेल तर गिऱ्हाईक जाईल हे माहीत असून तसं सांगणारा माणूस. आता फक्त एवढंच म्हणायचं होतं, 'मी मागितली न्हाई.' एवढं म्हणाले असते की झालं. धाकटा उठला असता, करवत पिशवीत गेली असती आणि वैशाख तर अजून लागायचाच होता. मी डोळ्यांनी विनवणी केली की दम दिला, मला सांगता येत नाही. दोन्ही केलं असेल.

मग यांनी मान परत धाकट्याकडे वळवली.

"व्हय," हे म्हणाले. "मागितली. आधीच मागायला पायजे होती."

धाकट्यानं पलंगाच्या कडेवर डोकं टेकवलं आणि लहान मुलासारखा रडायला लागला. यांना हात उचलता येत नाही, पण खांद्यापासून तो त्यांनी ओढत ओढत आणला आणि मनगट त्याच्या केसांवर नेऊन टेकवलं. मी तांब्या तिथंच ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच चहा टाकला.

चहा न पिताच तो गच्चीवर गेला. मिस्त्रीही आला होता. थोड्या वेळानं वरून लोखंडावर करवत चालल्याचा आवाज यायला लागला. मी पंचा भिजवून यांच्या उशाशी बसले. ते वर बघत होते. मी कपाळ पुसलं, मान पुसली. बराच वेळ आम्ही दोघं तो आवाज ऐकत होतो.

"माज्या तोंडात शब्द घातलास," हे म्हणाले.

"घातला."

"कंदी खोटं बोललो न्हवतो. आज बोललो."

"बोललात." मी पंचा पिळला. मला त्यांची क्षमा मागायची नव्हती आणि आभारही मानायचे नव्हते. मला फक्त भयंकर राग आला होता, त्यांचा, धाकट्याचा, त्या स्लॅबचा, उन्हाचा, सगळ्यांचा. "आता बोललातच ना? मग ते वाया घालवू नका. एवढा उन्हाळा जिवंत राहा."

ते डोळे मिटून पडून राहिले. वर एक सळई सुटून पडल्याचा आवाज आला, तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. मग थोड्या वेळानं म्हणाले, "पंचा बदल. तापलाय."

मी बदलला.